नळीला लावलेला डोळा

स्पिरिटचा वास आला की नगरचा तो दवाखाना आठवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी तिथे नर्स होते. लिव्हर खराब होऊन रक्ताच्या उलट्या करणाऱ्या एका माणसाला भूल दिली, मी डोकं धरलं आणि डॉक्टरांनी घशात सरळ धातूची नळी घातली. आतल्या फुगलेल्या शिरांत ते लांब सुईनं हिवतापावरचं औषध, कोयनेल, टोचणार होते. दारातून त्याची बायको म्हणाली, “ताप न्हाई, मग कोयनेल कशाला?” “त्यानं शिरा सुकतात, रक्त थांबतं. या, बघा,” डॉक्टर म्हणाले. पदर खोचून तिनं नळीला डोळा लावला, तो काढेचना. बाहेर दीर देवऋष्याकडे न्यायला गाडी जुंपून उभा होता. “बैलं सोडा भावजी,” ती म्हणाली, “करणी न्हाई, शिरा हायेत. म्या बघितल्या.” मी इतकी डोकी धरली, पण आत कधी पाहिलं नव्हतं. परवा माझ्याच घशात नळी घालायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरला म्हटलं, “आधी तो आतलं दाखवणारा टीव्हीचा पडदा इकडं वळव.”