कोरे हात

शाळा सुटायच्या वेळी मावशी फाटकाशी उकिडव्या बसायच्या आणि निघालेल्या प्रत्येक लेकराचे दोन्ही तळहात उघडून बघायच्या. बाकीच्या शाळांत हात स्वच्छ आहेत का ते बघतात. आमच्या मावशींचं सगळंच उलटं. नखांत माती, बोटांना पाल्याचा हिरवा डाग सापडला की त्या खूश, पाठीवर थाप द्यायच्या. हात स्वच्छ निघाले की तोंड वाकडं. "आज कोरंच चाललं लेकरू," असं म्हणायच्या, आणि तेही नेमकं त्या लेकराच्या आईसमोर. मग ती आई तावातावाने माझ्याकडे यायची.

मी बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या त्या बालवाडीची मुख्याध्यापिका. नाव मोठं, खोल्या चार. मागे मात्र अंगण होतं, साधं मातीचं, एका कोपऱ्यात कडुनिंब आणि दुसऱ्या कोपऱ्यात कधीतरी बांधकामातून उरलेला मातीचा ढीग. मावशींचं काम खोल्या झाडायचं आणि मुलांना शू-शीला न्यायचं. पण शू-शीला नेलेली मुलं अर्धा अर्धा तास परत यायची नाहीत. शोधायला गेलं की सगळी वरात ढिगावर. नदीच्या राजघाटावरून ओच्यात भरून आणलेले गोटे, केळीच्या खोडाची सोपटं, त्या सोपटांचे पन्हळ करून एकीकडून पाणी सोडायचं आणि दुसरीकडे ते कधी पोचतं ते बघत बसायचं. मी ओरडले की मावशी शांतपणे म्हणायच्या, "मॅडम, पाणी पोहोचू द्या ना. मग आणते."

अशा माणसाला काय बोलणार तुम्ही? मी हात टेकले होते.

खरं सांगते, मला तेव्हाही कळत होतं की बाई बरोबर आहे. मी प्रशिक्षण घेतलेली बाई. मातीत खेळून बोटांत बळ येतं, चढउतार करून तोल येतो, एका मुंगीमागे दहा मिनिटं फिरणारं मूल पुढे पुस्तकातही लक्ष घालतं, हे सगळं मी वहीत लिहून पाठ केलेलं. मावशींनी ते कुठे वाचलं नव्हतं. माहेर डोईफोडियाचं, जंगलाच्या कडेचं, आणि तिथे लेकरं अशीच वाढतात इतकंच त्यांना माहीत. म्हणून तर मला स्वतःचा जास्त राग येतो.

त्या वर्षी एक मुलगी आली, चार वर्षांची. तिसऱ्या मजल्यावर गुळगुळीत फरशीवर वाढलेली, एकुलती एक. मातीवर पाय ठेवायची वेळ आली की टाचा उचलून चालायची. बोटाला पाणी लागलं तरी रडायची. पेन्सिल दिली की ती हातातून गळायची. घरी मोबाइल मात्र झकास चालवायची, हे तिची आई कौतुकाने सांगायची.

मावशींनी तिला एकदाही ओढलं नाही. नुसतं ढिगाजवळ बसवायच्या आणि स्वतः माती चिवडत बसायच्या. पंधरा दिवस ती बघत राहिली. मग एक बोट घातलं. मग पोळा आला. दर पोळ्याला मावशी भावाच्या शेतातली काळी माती गोणपाटाच्या पोत्यात भरून, बसच्या टपावर टाकून आणायच्या आणि सगळ्या वर्गाचे बैल व्हायचे. तिच्या बैलाला तीनच पाय झाले. चौथा लावायला ती डबा खायचं विसरली. दिवाळीनंतर तिची पेन्सिल हातात टिकायला लागली. वर्गातल्या बाईंनी त्याचं श्रेय नव्या चित्रवहीला दिलं. कपाळ!

थंडीत ती पहिल्यांदा ढिगाच्या टोकावर एकटी चढली आणि उतरताना घसरली. गुडघा खरचटला. हळद लावली, पाच मिनिटांत पुन्हा ढिगावर. पण संध्याकाळी वडिलांनी गुडघ्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी आठ-दहा पालक आणि आमचे संचालक माझ्या खोलीत. वडील म्हणाले, "मॅडम, इंग्लिश मिडियममध्ये टाकलं ते माती खेळायला का? ते तर गावात पण होऊन जातं."

संचालकांनी मावशींना बोलावलं आणि काय झालं ते विचारलं. मावशी पदर खोचून उभ्या राहिल्या.

"ते चढलं, साहेब," त्या म्हणाल्या. "आधी ते चढतच नव्हतं."

एवढंच. आणि माझ्याकडे बघत राहिल्या. आता मी बोलायचं होतं. वहीतलं सगळं ओठांवर होतं माझ्या. तो गुडघा म्हणजे त्या मुलीची सहा महिन्यांची कमाई आहे, हे मी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "पुढे काळजी घेऊ." शेपूट घातलं मी, दुसरा शब्द नाही.

सुट्टीत ढीग उचलला गेला आणि अंगणभर हिरवं प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. भिंतीवर झाडं रंगवली, त्यात एक हत्तीही आहे. पालक फार खूश झाले. पण बुऱ्हाणपूरच्या जूनमधलं ऊन त्या शहाण्यांनी विचारातच घेतलं नव्हतं. दहा वाजता ते गवत तव्यासारखं तापतं. पाऊस पडला की त्याखाली पाणी साचून वास मारतो. म्हणजे मुलांनी बाहेर जायचंच नाही. आता ती खोलीत बसून टीव्हीवर जंगल बघतात. मला हे बघून रोज चीड येते आणि रोज मी हजेरीवर सही करते.

मावशी त्या महिन्यांत गप्पच होत्या. फाटकाशी बसून हात मात्र बघायच्या. "कोरंच," एवढं म्हणायच्या, तेही हळू. आयाही आता तक्रार करत नव्हत्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या पोतं घेऊन आल्या. कंबर धरून, घामाघूम. मी फाटकातच अडवलं. यंदा तयार प्लास्टरचे बैल मागवलेत, मुलांनी फक्त रंगवायचेत, कपडे खराब होणार नाहीत, असं सगळं सांगितलं. सांगताना माझी नजर त्यांच्या चपलांवर होती.

"चाळून आणली, मॅडम. एक खडा नाही यात," त्या म्हणाल्या.

त्यांनी पोतं फाटकाच्या आत भिंतीला टेकवलं, पदराने हात पुसले आणि गेल्या. पोळ्याला आल्या नाहीत, नंतरही नाही. भावाकडे डोईफोडियाला राहतात असं कळलं. बसने जाऊन येण्यासारखं आहे. मी गेलेले नाही.

पोळ्याच्या दिवशी शाळा सुटताना मावशींच्या जागी मी फाटकाशी उभी होते. मुलं रंगवलेले बैल घेऊन एकेक निघाली, सगळ्यांच्या बैलांना चार पाय. ती मुलगी माझ्यासमोर थांबली, बैल काखेत दाबला आणि दोन्ही तळहात उघडून माझ्यापुढे धरले. रंगही उरला नव्हता, वर्गातल्या बाईंनी ओल्या फडक्याने पुसून पाठवले होते.

"छान. स्वच्छ आहेत," मी म्हणाले.

तिने हात मागे घेतले नाहीत. एकदा हातांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि जणू मलाच काही कळत नाही अशा आवाजात समजावून सांगितलं, "कोरे आहेत."

तिची आई हाका मारत होती. पोतं तिथेच भिंतीला टेकलेलं होतं, तोंड सुतळीने बांधलेलं.