मयफल बुबूचं म्हणणं

मयफल बुबूनं आयुष्यात कुणाचं बोलणं ऐकून घेतलं नाही. तुम्ही एक म्हणा, ती दोन ऐकवणार. बदकाची अंडी विकायची ती. बाजारात कुणी म्हणालं, "अंडी बारीक दिसतायत," की हिचं तयारच, "मग तू घाल मोठी, मी विकत घेते!" मौलवींनाही तिनं सोडलं नाही. आणि माझी तर सकाळच तिच्या शिव्यांनी उजाडायची. पलीकडच्या बाजाराला जायचं तर होडी माझी, आणि घाई तिची. फोनवर ओरडायची, "अरे ओहेद, झोपलास का बुडालास? तुझी वाट बघत माझ्या अंड्यांची पिल्लं होतील इथं!" नात्यानं ती माझी कुणी नव्हे. शेजारीण, पण वयानं थोरली, म्हणून बुबू, म्हणजे ताई.

अशा बाईबद्दल सरकारी कागदावर लिहिलं गेलं, की हिचं काहीच म्हणणं नाही. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

आमचं गाव म्हणजे ब्रह्मपुत्रेतली वाळू. चर म्हणतो आम्ही त्याला. नदी आज इथं बसवते, उद्या उठवते. काठ ढासळू लागला की आम्ही घराचे पत्रे सोडवतो, बांबू उपटतो, हातपंपसुद्धा जमिनीतून ओढून काढतो आणि सगळा संसार होडीत घालून दुसऱ्या चरावर जातो. बुबूचं घर माझ्याच होडीतून किती वेळा हललं, त्याला गणती नाही. तिच्या एकुलत्या मुलाची कबर तेवढी नेता आली नाही, ती पाण्यात गेली. त्या दिवशी मात्र बुबू गप्प होती.

गेल्या जेठ महिन्यात दोन शिपाई आले. ती बदकांना कोंडा घालत होती. "एक सही करायचीय आजी, दुपारपर्यंत परत याल," म्हणाले.

"आजी कुणाला म्हणतोस रे? तुझी आई असेल माझ्याएवढी."

माझ्याच होडीतून नेलं तिला. तिचा नवरा काशेम चाचा कागदांची पिशवी छातीशी धरून शेजारी बसला होता. चाचा म्हणजे अगदी गरीब माणूस. चाळीस वर्षं त्याच्या वाटचंही हीच बोलत आली.

ठाण्यातले साहेब म्हणाले, "परदेशी कोण ते ठरवणाऱ्या बिदेशी कोर्टानं दोन वर्षांपूर्वीच तुम्हाला परदेशी ठरवलंय. नोटीस पाठवली होती. तुम्ही हजरच झाला नाहीत."

"कुठं पाठवली नोटीस?"

"गाव सापडलं नाही. घाटावरच्या शिमुलच्या झाडाला चिकटवली."

"साहेब, ते झाड त्याच सालच्या पुरात वाहून गेलं. तुमची नोटीस माशांनी वाचली असेल!"

एक शिपाई फिसकन हसला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "सांगायचं ते तेव्हा सांगायचं होतं. आता काही उपयोग नाही."

"मग आता सांगते की! माझा बाप इथला, आजा इथला. दर निवडणुकीला बोटाला शाई लागते माझ्या. अहो, विचारा ना! काहीतरी विचारा मला!"

कुणी काही विचारलं नाही. चाचानं पिशवी पुढं केली, ती कुणी हातात घेतली नाही. बुबूला गाडीत घालून पकडलेल्या लोकांच्या छावणीत नेलं.

आम्ही मोठ्या कोर्टातल्या बरुआ वकीलबाईंकडे गेलो. बाई भल्या. म्हणाल्या, "निकाल एकतर्फी लागलाय. माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय त्याला देशाबाहेर घालवता येत नाही. आपण एवढंच मागू, की तिला एकदा बोलू द्या."

मी म्हटलं, "बाई, एकदा बोलू दिलंत ना, मग तिला थांबवणं तुमच्या न्यायाधीशांच्या बापाला जमायचं नाही!" इतक्या दिवसांत चाचा पहिल्यांदा हसला.

अर्ज दाखल झाला, तारीख पडली. ही आनंदाची बातमी, बरोबर मुडी, म्हणजे चुरमुरे, आणि नारळाचे लाडू घेऊन आम्ही छावणीवर गेलो. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "ती इथं नाही."

"मग कुठं नेलीत?"

"मला काय विचारता? वरून हुकूम आला, नेली." एवढं बोलून त्यानं खिडकी लावून घेतली. चाचा त्या बंद खिडकीसमोर लाडवांचा डबा धरून किती वेळ उभा होता, मला बघवेना.

तारखेला कोर्टात तिच्या नावाचा पुकारा झाला. चाचा बाकावरून अर्धवट उठला आणि परत बसला. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई कुठे आहेत?" सरकारी वकील खाली बघत म्हणाला, "सीमेपलीकडं पाठवण्यात आलं आहे." न्यायाधीश संतापले. "इथं अर्ज पडून असताना?" त्यांनी हुकूम केला, बाईंना शोधा, परत आणा, त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय काही करायचं नाही.

बाहेर आल्यावर चाचानं विचारलं, "म्हणजे जिंकलो ना आपण, बाई?"

"जिंकलो, चाचा," बरुआबाई म्हणाल्या. त्यांनी चाचाकडं बघितलं नाही.

मग नुसत्या तारखा. शोध चालू आहे, उत्तर आलेलं नाही, पुढची तारीख. बदकं चाचाच्या हातून खाईनात. निम्मी मेली.

थंडी पडली तेव्हा माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला. "ओहेद नावाडी का? मी सीमेपलीकडून बोलतोय, वकील आहे. मयफल नेसा इथल्या तुरुंगात आहेत. तुमचा नंबर त्यांनी आधीच तोंडपाठ सांगितला होता."

मी पळतच चाचाकडं गेलो, फोनचा आवाज मोठा केला. वकील सांगत होता, रात्री शेतात सोडलं होतं तिला. गावातल्या बायकांनी दोन दिवस जेवू घातलं, मग तिथल्या पोलिसांनी धरलं. "मॅजिस्ट्रेटनं त्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे?"

शेवटी कुणीतरी विचारलं तर! "मग? बोलली का?"

"बोलल्या! अहो, थांबतच नव्हत्या. बाप, आजा, कुठला चर कधी बुडाला, मुलाची कबर, बदकं, तुमची होडी, सगळं सांगितलं. मॅजिस्ट्रेटनी मध्ये पाणी मागवलं त्यांच्यासाठी. म्हणाल्या, मी आसामची, भारताची, तुमच्या देशाशी माझा काडीचा संबंध नाही."

"मानलं का त्यांनी?" चाचानं विचारलं.

"लगेच मानलं, चाचा. निकालात लिहिलंय, ही बाई भारतीय आहे."

चाचानं माझा दंड घट्ट पकडला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "मग सोडलं ना तिला?"

"चाचा, भारतीय म्हणजे इथं परदेशी. परवानगीशिवाय देशात शिरल्या, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. त्याचीच शिक्षा झालीय."

चाचाला ते समजायला वेळ लागला. मग त्यानं हळूच विचारलं, "त्यावर ती काय म्हणाली?"

"काहीच नाही. त्या दिवसापासून त्या एक शब्द बोललेल्या नाहीत. म्हणून तर तुम्हाला फोन केला."