पितळी डबीतला विंचू

डबी उघडली आणि मी दचकलो, हे खरं आहे. पण ते दीपनगरला, एका फिटरच्या ओट्यावर, पहिल्यांदा. धुळ्याच्या बैलबाजारात मी दचकलो असं लोक अजून सांगतात, ते खोटं आहे. ते का खोटं आहे हे एकदा कागदावर यावं म्हणून लिहायला बसलो आहे.

दीपनगरची वसाहत तेव्हा नवी होती. भुसावळकडे बैलांची एक जोडी बघायला गेलो होतो, ती पटली नाही, आणि परतीच्या एस.टी.ला वेळ होता. वीजकेंद्रातला एक फिटर सुट्टीच्या दिवशी बिघडलेल्या गजराच्या घड्याळांतून स्प्रिंगा काढून गमतीच्या डब्या करतो, असं चहावाल्याने सांगितलं. गेलो. दिसायला साधी तंबाखूची डबी, लाकडाची. झाकण अंगठ्याने सरकवायचं. अर्धं सरकलं की आतून पत्र्याचा काळा विंचू उसळी मारून येतो आणि नांगी बरोबर अंगठ्यावर टेकवतो. टोचत नाही, पण टोचलं असं वाटतं. मी डबी अंगणात भिरकावली.

फिटरने ती उचलून धूळ झटकली. मी भाव विचारला.

"पाच रुपये."

"दोन देतो."

"भाऊ, उघडायच्या आधी विचारलं असतं तर दोनला दिली असती," तो म्हणाला. "आता मी तुमचा चेहरा पाहिला. तुम्ही ही घेतल्याशिवाय जात नाही."

अर्धा तास घासाघीस केली, एक एस.टी. सोडली, आणि शेवटी पाचच दिले. सांगितलेल्या भावात वस्तू घेण्याची माझी ती पहिली वेळ. पण गाडीत बसल्यावर लक्षात आलं की त्याने मला नुसती डबी विकलेली नाही. दचकलेल्या माणसाचा चेहरा क्षणभर उघडा असतो आणि त्या क्षणात त्याचा भाव वाचता येतो, हेही त्याच पाच रुपयांत मिळालं होतं.

मला ते कामाचं होतं, कारण मी बैलांचा दलाल होतो. माझे वडील अमळनेरकडच्या एका गावात सालदार. वर्षाच्या बोलीने दुसऱ्याच्या शेतात राबायचे. आमच्या दारात स्वतःचा बैल कधी बांधला गेला नाही. मी अठराव्या वर्षापर्यंत दुसऱ्यांचे बैल हाकले आणि मग धुळ्याच्या बाजारात आबांच्या हाताखाली लागलो. आबा म्हणजे बाजारातले सगळ्यात जुने दलाल. बाजाराच्या मधोमध एक मोठा निंब होता आणि त्याच्याखाली त्यांची बैठक. तीन तालुक्यांतले शेतकरी जोडी घेऊन आले की इकडेतिकडे न बघता निंबाखाली यायचे. बारा वर्षं मी त्या सावलीत काम केलं. बैलाचे दात बघून वय सांगायला, चाल बघून लपवलेला लंगडेपणा ओळखायला तिथेच शिकलो.

डबी आल्यावर माझी पद्धत अशी झाली. गिऱ्हाईक समोर बसलं की मी म्हणायचो, "घ्या, आधी तंबाखू घ्या." तो झाकण सरकवायचा, विंचू उडायचा, आजूबाजूचे हसायचे. मी हसत नसे. मी त्याचे हात बघायचो. दचकल्याबरोबर ज्याचा हात खिशावर गेला, तो पैसे बांधून आलेला आहे आणि आजच घेणार. जो मान वळवून बघतो की आपल्याला कोणी पाहिलं का, त्याला चार लोकांत मिरवायची जोडी दाखवायची. आणि जो बैलाचा कासरा घट्ट धरतो, त्याच्याशी भाव बोलूच नये, कारण त्याला विकायचंच नसतं. घरच्यांनी पाठवला म्हणून तो आलेला असतो. अशा दोघातिघांना मी जोडीसकट परत पाठवलं. आबा चिडले होते. पण त्यांतला एक दुसऱ्या वर्षी दोन जोड्या घ्यायला माझ्याकडेच आला.

आता मुख्य गोष्ट. आबांचे गुडघे गेले होते. या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्यतृतीयेनंतर, बाजारात येणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. निंबाखाली कोण बसणार, एवढाच प्रश्न होता. एक मी. दुसरा त्यांचा भाचा, माझ्याच वयाचा, चार वर्षांपूर्वी धंद्यात आलेला, गोड बोलणारा. आबांनी तोंडाने काही ठरवलं नव्हतं. फक्त म्हणाले, आखाजीच्या आधीच्या बाजारात कोण कसा सौदा करतो ते बघतो. त्या जागेसाठी मी बारा वर्षं घासली होती. जागा मिळाली असती तर सालदाराचा मुलगा निंबाखाली बसला असता. मला तेवढंच पाहिजे होतं.

त्या दिवशी यावलकडचा एक शेतकरी आला. केळीवाला, साठीच्या पुढचा. त्याची पांढरी जोडी बघून बाजार थांबला, असं म्हटलं तरी चालेल. त्याने जोडी माझ्या हाती दिली. घेणारे होते अमळनेरचे एक शेठजी, राजस्थानातून आलेल्या घराण्यातले. त्यांचा कापसाचा व्यापार होता, गाड्यांसाठी बैल लागायचे. कमी बोलणारा, सरळ माणूस.

बैलांचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या उजव्या हातांवर रुमाल टाकतात आणि खाली बोटांनी बोलतात. एक बोट म्हणजे शंभर. घेणारा जितकी बोटं धरेल तितका भाव. पटला नाही तर आपण हात सोडवून घ्यायचा. पटला तर त्याचा हात मुठीत आवळायचा. मूठ आवळली की सौदा पक्का. त्यानंतर ती मूठ देवालाही उघडता येत नाही, असं आबा सांगायचे.

हजार तर आम्हा दोघांना मान्य होते, वाद वरच्या बोटांचा होता. शेतकऱ्याला हजारावर चार पाहिजे होती. शेठजी तीन बोटं धरून बसले होते. दोनदा मी हात सोडवला. तिसऱ्यांदा त्यांनी पुन्हा तीनच धरली, पण या वेळी पकड थोडी ढिली होती. मला कळलं, आता हा माणूस चौथं बोट देणार. अशा वेळी मी घाई करत नाही. मी तंबाखू मागतो. उजवा हात रुमालाखाली असतो, म्हणून कोणीतरी डबी पुढे धरतं आणि मी डाव्या अंगठ्याने झाकण सरकवतो. तेवढ्या वेळात समोरचा अस्वस्थ होतो. माझी ही सवय सगळ्यांना माहीत होती.

"तंबाखू द्या रे कोणी," मी म्हटलं.

भाच्याने डबी पुढे केली. पितळेची. माझी खरी तंबाखूची डबी पितळेची होती, गमतीची लाकडाची. मी शेठजींच्या डोळ्यांवरची नजर न काढता अंगठा सरकवला.

विंचू आला.

नंतर कळलं, भाचा दीपनगरला गेला होता. त्या फिटरकडून त्याने माझ्या डबीसारखी हुबेहूब पितळी डबी करून घेतली होती. याला गंमत म्हणत नाहीत. गंमत करायला कोणी तीन गाड्या बदलून जात नाही.

आणि माझी मूठ आवळली गेली. शेठजींचा हात माझ्या मुठीत. तीन बोटांवर.

भाचा खो खो हसला. "काय भाऊ, स्वतःचंच औषध कडू लागलं का?" बघणारेही हसले. यावलचा म्हातारा हसला नाही. त्याने रुमालाकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं.

"भो, तुम्ही दचकले," तो हळूच म्हणाला. "म्या पाह्यलं. सोडून द्या हात. मले कायी वाटनार नाही."

शेठजीही म्हणाले, "भाऊ, तसं असेल तर सांगून टाका. मी हात मोकळा करतो. पुन्हा बसू."

दोघांनीही वाट करून दिली होती, हे मी नाकारत नाही. पण मी बाजाराकडे बघितलं. शे-दोनशे माणसं उभी होती. आज मी 'दचकलो' म्हणून मूठ उघडली, तर उद्या सौद्याचा पस्तावा झालेला प्रत्येक जण म्हणेल, माशी चावली, बैल शिंकला, माझी मूठ चुकून आवळली. मग रुमालाखालच्या हाताला किंमत काय राहिली? आणि माझंही रक्त तापलं होतं. भाच्याचे दात दिसत होते.

"मी दचकलो नाही," मी म्हटलं. "सौदा झाला. हजारावर तीन."

रुमाल काढला. शेठजींनी तेव्हाच पैसे दिले. म्हाताऱ्याने ते घेतले आणि जोडीच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

माझ्या हातात चांदीचं जड कडं होतं. पहिल्या कमाईतून केलेलं. सालदाराच्या घरात चांदी आली ती त्या कड्याने. मी ते काढलं आणि म्हाताऱ्याच्या हातात घातलं. "तुमचं चौथं बोट," मी म्हटलं. त्याचा हात बारीक होता, कडं कोपरापर्यंत सरकलं. तो नको नको म्हणत राहिला. मी ऐकून घेतलं नाही.

मला वाटलं होतं, आबा आता उठून माझ्या पाठीवर हात ठेवतील. ते उठले नाहीत. निंबाखालून त्यांनी मला बोलावलं. ते रागावले की अहिराणीतच बोलायचे.

"बठ्ठा बजार देखी राहिना," ते म्हणाले, सगळा बाजार बघतो आहे. "आते सांग. हात चुकना का?"

"नाही चुकला."

"मंग कडं का बरं दिधं?"

मी मोकळ्या मनगटाकडे बघितलं.

"हात चुकना नही, तर कडं देवानं काम नही. कडं दिधं, म्हणजे हात चुकना हाई तूच सांगी दिधं. अरे, दलाल मधमा ऱ्हास. तू एक अंगले व्हयी गया."

हात चुकला नव्हता तर कडं द्यायचं कारण नव्हतं; दलालाने मध्ये राहावं, तू एका बाजूचा झालास. निवाडा झाला. भाच्याच्या डबीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. आखाजी झाली आणि निंबाखाली भाचा बसला.

कडं का दिलं, याचं उत्तर आता माझ्याकडे आहे. मूठ माझी होती, म्हणून शब्द मी पाळला. आणि मूठ माझी होती म्हणूनच तिचं नुकसान म्हाताऱ्याने का सोसावं? दोन्ही एकाच हाताचं काम आहे, यात चूक कुठे आली? आणि दचकणं म्हणाल तर दचकलेला माणूस हात मागे घेतो. दीपनगरला मी डबी फेकली होती. धुळ्याला मी धरलं ते सोडलं नाही. शेकडो माणसांना मी दचकवलं आहे, मला फरक कळतो.

मी बाजार सोडला नाही. पाण्याच्या हौदाजवळ, जिथे सावली नव्हती, तिथे घोंगडी टाकली. पहिल्या महिन्यात दोन सौदे झाले. मग एका बाजाराला शेठजी निंबावरून सरळ पुढे आले आणि माझ्या घोंगडीवर बसले. भाच्याने हाका मारल्या तरी मागे वळले नाहीत. मी त्यांना पाणी दिलं. म्हणाले, "ज्याची मूठ मिटली की उघडत नाही, त्याच्याजवळ बसलेलं बरं." पुढल्या वर्षी यावलचा म्हातारा आला. सोबत त्याच्या भाऊबंदांतले चौघे आणि केळीचा एक घड. कडं त्याने मोडलं नव्हतं. दंडात चढवून वर बाही ओढली होती. त्याने परत दिलं नाही, मी मागितलं नाही. पाच वर्षांत हौदाजवळ मी स्वतःचं छप्पर टाकलं. भाचाही वाईट दलाल निघाला नाही, एवढं मी कबूल करतो. पण ती जागा माझी होती.

एकदा आबांना भेटायला त्यांच्या गावी गेलो. हे सगळं त्यांच्या तोंडावर बोलायचं म्हणूनच गेलो होतो. दुपारची वेळ, ते ओसरीत खाटेवर बसलेले. नजर कमी झाली होती. चहा झाला, पावसापाण्याचं झालं. माझी सुरुवात होईना.

"तंबाखू दे रे," ते म्हणाले.

दोन खिशांत दोन डब्या होत्या. मी लाकडाची दिली. चुकून नाही, मुद्दाम. खोटं कशाला बोलू.

त्यांनी झाकण सरकवलं. विंचू उडाला. डबी खाटेवरून घरंगळत गेली आणि आबांच्या हाताने झपकन माझं मनगट धरलं. जुन्या दलालाची पकड. मी सवयीने हाताकडेच बघत होतो. दुसरा कोणी असता तर दचकल्यावर त्याने काय धरलं, यावरून मी त्याचा भाव सांगितला असता.

मला एक शिवी देऊन ते खूप वेळ हसले. पण मनगट सोडलं नाही. अंगठा जिथे कडं असायचं तिथे फिरत राहिला.

"नवं कडं का बरं नही करं रे?" ते म्हणाले.

"कशाला आबा? रुमालाखाली हात मोकळा बरा."

मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो नाही. खाली वाकून डबी उचलली, विंचू आत दाबून झाकण लावलं, आणि दुसऱ्या खिशातली पितळेची डबी काढून त्यांच्यापुढे धरली. आबांनी त्या डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तूच उघड," ते म्हणाले.