नळीचं अस्तर

बाबांचा धंदा शिंपीकामाचा, त्यामुळे चिमीचं संशोधन त्यांना कळलं तेही शिवणातूनच. "लघवीच्या नळीला अस्तर लावते माझी पोर," ते गिऱ्हाइकांना सांगत. "इतकं पातळ, की केस त्यापुढे दोरखंड! जंतूला पाय ठेवायला जागा नाही."

ढोबळमानाने ते बरोबरच होतं. पाण्यात फुगणाऱ्या रेणूंची दाट लव नळीवर उगवायची आणि जंतूंना तिथे टेकूच द्यायचं नाही, यातच चिमीची उमेदीची वर्षं गेली. काचेवर ते जमलं. फोटो असे झकास आले की प्रयोगशाळेच्या सरांनी लगेच पत्रकारांना बोलावलं. नळ्या मात्र काचेच्या नसतात. मऊ रबर वरून शांत दिसतं, पण पृष्ठभागावर त्याची सतत चुळबुळ चालू असते. आतले तेलकट रेणू हळूहळू वर येतात आणि लव गिळून टाकतात. आठवडाभरात नळी होती तशी. चिमीने हे सरांपुढे ठेवलं.

"बघू पुढच्या प्रकल्पात," सर म्हणाले.

पुढचा प्रकल्प मिळाला रंगाच्या कंपनीकडून, आणि नळीचं काम अर्धवटच राहिलं. चिमी मूग गिळून बसली. बाबांनी तोवर बातमीचं कात्रण फ्रेम करून दुकानात लावलं होतं. खरं सांगायला तिची जीभच रेटेना.

मग बाबांची लघवी अडली. प्रोस्टेटचं ऑपरेशन होईपर्यंत नळी ठेवून डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलं. निघताना बाबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "चिमे, ही तुझीच ना गं?"

सिस्टर कौतुकाने बघत होती. दादा-वहिनी शेजारीच उभे.

"हो बाबा, माझीच."

घरी बाबा नळी मिरवावी तशी सांभाळत. जळजळ सुरू झाली तरी चकार शब्द काढला नाही. थंडी वाजली की चादर गळ्यापर्यंत ओढून घेत आणि वहिनीने विचारलं तर म्हणत, "ठणठणीत आहे मी. चहा टाक." एका सकाळी ते असंबद्ध बोलायला लागले, तेव्हा दादाने अंगाला हात लावला. चटका बसला.

जंतू मूत्रपिंडात आणि रक्तात पोचले होते. जीव वाचला, पण मूत्रपिंडं कायमची अधू झाली.

"इतकं अंगावर का काढलंत?" डॉक्टरांनी झापलं.

"म्हटलं, उगाच पोरीच्या कामाला नाव नको."

दादा औषधं आणायला गेल्यावर चिमी खाटेजवळ बसली. "बाबा, ती नळी साधी होती. बाजारात मिळते तीच. माझी अजून झालीच नाहीये. होईल असंही वाटत नाही."

बाबांनी अंगावरची चादर सारखी केली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मग बोलायचं नाहीस का गं आधी?" ते म्हणाले. "आगआग होत होती नुसती."

वहिनीला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "एका 'हो'पायी केवढं होऊन बसलं, चिमी."

आता तपासणीला चिमीच त्यांना नेते. टॅक्सीत बाबा भाज्यांचे भाव काढतात, रस्त्यांना शिव्या घालतात, तिला नीट जेवायला सांगतात. रात्री कुठे दुखलं-खुपलं तर मात्र दादाला हाक मारतात. ती शेजारच्याच खोलीत जागी असते.