बा असताना काढलेली मिशी

चांद्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजत असे. सकाळी तास, दुपारी वाचनालय, चारनंतर संमेलनाच्या नाटकाची तालीम, त्यातून सवड मिळाली तर हॉकी. खोलीच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवायचो. त्यात घराला जागा नव्हती. घर गडचिरोलीपलीकडे, धानोऱ्याच्या वाटेवर जंगलात. दिवाळीला जाऊन आलो की झालं, असं माझं चाललेलं.

नाटकात मला नायिकेचं काम मिळालं. कॉलेजात मुली चारच, आणि त्यांनी स्टेजवर पाय ठेवला असता तर त्यांच्या घरी आकाश कोसळलं असतं. माझा आवाज बारीक, चण लहान, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात कसलं पडलं, मला हवंच होतं ते. वर्षभर माझ्या बोलण्याला हसणारी पोरं आता तुझ्याशिवाय नाटक उभं राहत नाही म्हणत होती. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मी एका पायावर तयार होतो.

अडचण होती ती मिशीची. आमच्या गावात बाप जिवंत असताना मुलगा मिशीला वस्तरा लावत नाही. बाप गेला की डोकं आणि मिशी उतरवायची, तोवर नाही. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला गावात दंडार होते, नाचगाण्याचं नाटक. तिच्यातसुद्धा बाईचं सोंग मिशी न फुटलेल्या पोराला देतात, नाहीतर ज्याचा बाप वारलेला आहे त्याला. माझा बा दंडारीत ढोलकी वाजवायचा, त्यामुळे हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पोरं म्हणाली, हे कॉलेज आहे, तुझं गाव नाही. मलाही ते तेव्हा पटलं.

नाटक शनिवारी होतं. बुधवारी गावाहून पत्र आलं. मायने सांगितलेलं, शाळेच्या मास्तरांनी लिहिलेलं. बाचा ताप उतरत नाही, तुझी सारखी आठवण काढतात, येऊन जा. गुरुवारी निघालो असतो तर शुक्रवारी दुपारी घरी असतो. मी पत्राची घडी करून पुस्तकात ठेवली. आमच्याकडे ताप दर हिवाळ्यात येतो, कोयनेलच्या गोळ्या घेतल्या की जातो, अशी मनाची समजूत काढली. नाटक बसवणाऱ्या प्राध्यापकांना सांगावं असं दोनदा मनात आलं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्यांनी मला लगेच सोडलं असतं, आणि मला तीच भीती होती. निर्लज्ज होतो मी, दुसरा शब्द नाही.

शनिवारी मिशी काढली. नाटक फार छान झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका पदाला वन्समोअर मिळाला.

रविवारी निघालो. बसने वैनगंगेपर्यंत, मग नावेने पार, रात्री गडचिरोलीत ओळखीच्यांकडे मुक्काम, आणि सोमवारी पहाटे बैलगाडी. दुपारी उन्हासाठी डोक्याला रुमाल गुंडाळून गावात शिरलो. विहिरीवर शेजारची काकी पाणी भरत होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पाण्याचा गुंड खाली ठेवला आणि हंबरडा फोडला. मी थांब म्हणेपर्यंत आणखी दोघी रडायला लागल्या. पोरगा मिशी उतरवून आला म्हणजे बाप गेला, यात त्यांना विचारण्यासारखं काय होतं? माझा हात ओठावर गेला. मी घराकडे धावत सुटलो, पण रडणं माझ्या आधी घरी पोचलं होतं.

माय दारात उभी होती. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघतच राहिली.

"तुले कोनं सांगतलं गा? तो तं जिता हाये."

बा खाटेवर होता. अर्धा झाला होता. वाचा गेली होती, डोळे उघडे होते. मी जवळ बसलो. त्याने मला बराच वेळ न्याहाळलं. मग हळूहळू हात उचलला आणि माझ्या वरच्या ओठावर बोट ठेवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ते फिरवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी त्याच्या कानाशी वाकलो. "बा, नाटक होतं गा. कॉलेजात नाटक होतं. मी बाई झालतो."

तीनदा सांगितलं. त्याला कळलं की नाही, देव जाणे. कळलं असतं तर तो हसला असता, सोंगाढोंगांचा शौकीन माणूस तो. तो हसला नाही. आपण जिवंत असतानाच पोराने आपलं सुतक उरकलं, असं मनात घेऊन तो गेला असेल का? हे मी आज म्हातारपणीही स्वतःला विचारतो आणि मला रडू येतं.

बुधवारी बा गेला. नदीवर न्हाव्याने माझं डोकं केलं आणि ओठाशी येऊन तो थांबला. काढायला तिथे चार दिवसांची खुंटं होती. काका म्हणाले, फिरव वस्तरा. त्याने पाणी लावून फिरवला. जमलेले सगळे खाली मान घालून उभे होते.

तेरवी झाल्यावर मी परत निघालो. माय माझ्यासाठी भाकरी बांधत होती. तेव्हा कुठे धीर करून विचारलं, बाची वाचा कधी गेली?

"आइतवारी सकाळी," ती म्हणाली. "शनवारी दिवसभर बोलत होता. पोरगा आता नदी उतरला असन, आता गाडीत बसला असन, असं मले सांगून राह्यला होता."