सोबतीसाठी नापास

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तळवलीच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला, एवढं पुरे. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते गुरुजी आता नाहीत, आणि त्या गावात आजही त्यांचं नाव निघालं की म्हातारी माणसं हात जोडतात. त्यांनी जोडावेत. मी मात्र जोडणार नाही.

सत्तरच्या दशकात मी कराडकडून तिथल्या शाळेत बदलून आले. सात इयत्ता, तीन शिक्षक, आणि त्यातला एक कायम रजेवर. गावाच्या एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याच्यापलीकडे कारखान्यांची धुराडी. वारा फिरला की वर्गात असा वास यायचा की मुलं झग्याने, सदऱ्याने नाक दाबून पाढे म्हणायची. भातशेती नव्या शहरासाठी सरकारकडे गेलेली होती. शहर कुठे दिसत नव्हतं, फक्त खुंट्या ठोकलेल्या दिसायच्या.

मुख्याध्यापक म्हणजे गुरुजी. कोकणातले, निवृत्तीला आलेले, स्वभावाने अत्यंत गोड. मुलांना त्यांनी कधी हात लावला नाही. पण सरकारने त्यांच्या डोक्यावर जनगणनेपासून कुटुंब नियोजनाच्या केसेस आणण्यापर्यंत सगळं घातलं होतं, त्यामुळे वर्गावर ते क्वचितच असायचे. मग पहिली-दुसरीची पोरं सांभाळायची कोणी? त्याची तोड त्यांनी आधीच काढून ठेवली होती. एक मुलगी. ती सातवीत बसायची. म्हणजे पटावर सातवीत. प्रत्यक्षात ती दिवसभर पहिली-दुसरीच्या खोलीत असायची.

पोरं तिला 'बारक्या बाई' म्हणायची. ती बाराखडी गिरवून घ्यायची, शेंबूड पुसायची, भांडणं सोडवायची, घंटा द्यायची. आई मिठागरावर जायची, बाप एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. तिच्या हाताखाली पोरं भराभर वाचायला लागत, हे खरं होतं. साहेब तपासणीला आले की गुरुजी तिला पुढे करत, साहेब तिची पाठ थोपटत, आणि सगळ्यांना धन्य वाटे. स्वतःचा अभ्यास ती कधी करत असे हे मला कळायला बरेच दिवस लागले. ती मधल्या सुट्टीत माझ्या खोलीच्या दारात उभी राहून सातवीचं गणिताचं पुस्तक वाचायची, आपण गोष्टीचं पुस्तक वाचतो तसं, पुढे काय होतं हे बघायला.

एकदा तिने शाळेत एक पत्र्याचा डबा आणि जाड कागदाची सुरळी आणली. सुरळीचं तोंड डब्याच्या तोंडाएवढं आणि उंचीही डब्याएवढीच, पण खाली निमुळती होत टोकाला मिटलेली. त्यात तिने मीठ भरलं आणि डब्यात ओतलं. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा ओतल्यावर डबा काठोकाठ भरला.

"मिठाच्या राशी बगून मना वाटला, याचा काय तरी हिशेब असल," ती म्हणाली. "तीनदा ओतला का बरोबर भरतो, बाई. लहान डबा, लहान सुरली घेतली तरी तीनदाच. कशाला?"

शंकूचं घनफळ डब्याच्या एक तृतीयांश, हे सूत्र मला पाठ होतं. डी.एड.ला घोकलेलं होतं. पण तीनच का, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायचं असतं हेही मला कधी सुचलं नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं. ती हसली. तिला माझ्या अडाणीपणाचं काही वाटलं नाही, आपल्याबरोबर कोणी तरी बुचकळ्यात पडलंय याचाच आनंद झाला. त्या दिवशी मी ठरवलं की ही मुलगी हायस्कूलला गेलीच पाहिजे. पुढे कॉलेजला, आणखी पुढे जिथवर रस्ता असेल तिथवर. मला तोवर असं मूल भेटलं नव्हतं, आणि नंतर एकदाच भेटलं.

हायस्कूल रस्त्याला लागून, दुसऱ्या गावात होतं. ट्रकच्या रस्त्याने बरंच चालावं लागे. गावातली मुलं जायची, मुलगी तोवर एकही गेली नव्हती. मी तिच्या बापाशी आडून आडून बोलत होते, तो मान हलवत होता. गुरुजींनाही सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, "बाई, तुमची तळमळ मी जाणतो." मी खूश झाले. माणूस गोड बोलला की मी तेव्हा खूश व्हायचे.

आमच्याकडे निकाल महाराष्ट्र दिनाला, झेंडावंदन झालं की लागायचा. पोरं मैदानात, बाया माणसं कुंपणाशी, आणि निकालाचा कागद वाचायला तीच, कारण तिचा आवाज खणखणीत आणि शब्द स्वच्छ. सातवीचे पेपर गुरुजीच काढत आणि गुरुजीच तपासत. तिने पहिलीपासून वाचायला सुरुवात केली. पास झालेलं प्रत्येक पोर उडी मारून आईकडे पळत होतं. सातवी आली. दोन-तीन नावं झाली. मग तिने स्वतःचं नाव वाचलं आणि त्याच आवाजात पुढे वाचलं, "नापास."

मला वाटलं, लिहिताना चूक झाली. मी मोठ्याने म्हटलं, "थांब." गुरुजींनी माझ्याकडे न बघता तिला सांगितलं, "वाच पुढे." तिने पुढचं नाव वाचलं. कुंपणाशी उभ्या तिच्या बापाने खाली मान घातली होती, पण त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मैदान रिकामं झाल्यावर मी ऑफिसच्या खोलीत शिरले. गुरुजी टोपी काढून वारा घेत होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि शांतपणे सगळं समजावून सांगितलं. एकटी पोर ट्रकच्या रस्त्याने जाणार कशी? बाप तयार नाही. पुढच्या वर्षी आणखी दोन मुली सातवी होतील. मग तिघी मिळून जातील, एकमेकींना सोबत होईल. पण पास झालेल्या मुलीचं नाव शाळेच्या पटावर ठेवता येत नाही, ती घरी बसली की मिठागरावर जाणार आणि मग शाळा संपलीच. शाळेत राहायची असेल तर ती नापासच व्हायला हवी.

"तिच्या भल्यासाठीच केलं, बाई," ते म्हणाले. "एक वर्षाचा तर प्रश्न. आणि लहान वर्गाचीही सोय होते."

शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या सहज उच्चारलं की मला पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नाही. लबाड माणसाशी भांडता येतं. हा माणूस मनापासून बोलत होता, आणि त्याच्या मनात सोय आणि भलं एकाच ताटात जेवत होती.

मी भांडले. बापाच्या घरी गेले. तो म्हणाला, "बाई, गुरुजी वाईट सांगतील का? सोबत भेटली का हायस्कूलला धारतो. तुमाला शब्द हाय." मी म्हटलं, मी सोडते तिला रोज सकाळी. गुरुजींनी विचारलं, मग तुमच्या वर्गावर कोण जाईल, बाई? शेवटी सुट्टीत मी साहेबांच्या कचेरीत गेले. साहेबांनी चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हुशार मुलांची काळजी करायची नसते, बाई. त्यांना कुठेही टाका, ती वर येतातच. आपण लक्ष द्यायचं ते कच्च्यांकडे."

हे वाक्य मी नंतर नोकरीभर ऐकलं. हेडमास्तरांकडून, साहेबांकडून, शिकलेल्या पालकांकडून. ऐकलं की आजही माझं डोकं फिरतं. कच्च्या पोराला निदान कुणी तरी कच्चं म्हणतं आणि त्याच्याजवळ बसतं. हुशार पोराला आपण कौतुकाचे दोन शब्द देतो आणि कामाला जुंपतो. वर येतातच म्हणे. जी वर येतात तेवढीच साहेबांना दिसतात. बाकीची मोजायला कोण गेलंय?

जूनमध्ये ती पुन्हा सातवीत आली. मी जिद्दीने ठाण्याहून आठवीची पुस्तकं आणली. शाळा सुटल्यावर तिला थांबवून घ्यायचे. पहिले काही आठवडे बरे गेले. मग ती दमलेली दिसायला लागली. दिवसभर पोरांवर ओरडून तिचा आवाज बसलेला असायचा. मी सांगेन ते गणित ती सोडवायची, बरोबर सोडवायची, आणि वही मिटायची. 'कशाला' हा शब्द मी तिच्या तोंडून दिवाळीनंतर ऐकला नाही. तो डबा वर्गात खडू ठेवायला वापरात आला. ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर विझत होती आणि सगळं गाव म्हणत होतं, काय पोर आहे, शाळा चालवते.

त्या दोन मुलींचं काय झालं ते सांगते. एकीचं माघात लग्न लागलं. मांडवात मी आणि आमच्या बारक्या बाई शेजारी बसून जेवलो, आणि ती एकदाही माझ्याकडे बघेना. दुसरी खरोखरच नापास झाली, तिचं मन शाळेत कधी नव्हतंच. महाराष्ट्र दिनाला निकाल पुन्हा आमच्या या पोरीनेच वाचला. या खेपेला तिच्या नावापुढे पास होतं. आणि सोबत कोणीच नव्हतं.

बाप शब्दाला पक्का होता. सोबत भेटली तर धाडतो म्हणाला होता, सोबत भेटली नाही. ती वर्षभर आईबरोबर मिठागरावर गेली आणि पुढे शिरवण्याकडे तिचं लग्न झालं. गुरुजींनी लग्नाला पितळी समई दिली. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून रडले, खरे रडले. ते बघून मला त्यांचा जितका राग आला तितका त्या ऑफिसातही आला नव्हता. मी जेवायला न थांबता खोलीवर परत आले.

ऐंशीच्या दशकात मी नेरुळच्या नव्या वसाहतीतल्या एका शाळेत होते. इमारतींना अजून ओल्या रंगाचा वास, सेक्टरचे नंबर लोकांना पाठ नाहीत, आणि पहिलीच्या वर्गात मुंबईहून राहायला आलेल्या कारकुनांची मुलं आणि जुन्या गावांतली मुलं सरमिसळ. जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत एक बाई माझ्या टेबलाशी आली. हाताला धरलेली मुलगी. बाई अंगाने भरलेली होती, हनुवटीवर गोंदण होतं, पण तिने मुलीचं नाव सांगितलं आणि आवाजावरून मी ओळखलं, बारक्या बाई.

तिने वाकून नमस्कार केला. मी तिच्या मुलीशी बोलायला लागले, तेवढंच सोपं होतं. मुलगी जमिनीच्या फरशांकडे बघत होती. म्हणाली, "बाई, ह्या लाईनीन जितक्या फरश्या, तितक्याच लाईनी पन हायेत. म्हंजे खोली चौकोनी हाय, पन दाराजवलच्या लाईनीन एक फरशी कमी. कशाला?"

"अगं, ही तुझ्यासारखीच," मी म्हटलं. "तुझ्यापेक्षाही हुशार निघेल."

तिचा चेहरा उतरला. तिने मुलीला बाहेर पायरीवर बसायला पाठवलं, आणि टेबलाच्या अगदी जवळ येऊन हलक्या आवाजात बोलली.

"बाई, तिला हुशार बोलू नका. वर्गान पन नको, साहेबांसमोर पन नको."

"का गं?"

"मी नापास नवते, बाई."

"मला माहीत आहे. मी तर भांडले होते."

"तुमाला म्हाईत हाय. पन तुमाला वाटतं, मना फसवला. फसवला नाय. गुरुजींनी आदल्या दिवशी घरी येऊन मना बसवून सांगितला, असा असा हाय, सोबत नाय, लहान पोरांचा काय व्हईल, तू समजूतदार हायेस. मना समाजला. मी हा बोलले. बाबा पन रडत व्हता, त्याला मीच समजावला." तिने बाहेर पायरीवरच्या मुलीकडे पाहिलं. "ढ पोरीला कोन समजवाला जात नाय, बाई. ती जाते आपली पुढच्या वर्गान."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. ती म्हण आम्ही मुलांना कौतुकाने शिकवतो. त्या दिवसापासून मी ती शिकवणं सोडून दिलं.

मी तिला हो म्हटलं. मुलगी माझ्याच वर्गात आली आणि पुढेही मी तिच्यावर नजर ठेवून राहिले. तिचे प्रश्न मी मधल्या सुट्टीत ऐकायचे, वर्गात नाही. वर्गात तिने सगळ्यांच्या आधी उत्तर दिलं की मी म्हणायचे, "बरोबर, बस खाली," आणि दुसऱ्याकडे वळायचे. ती कधी कधी हिरमुसली व्हायची. कुणी शिक्षक रजेवर असले आणि हेडबाईंनी लहान वर्ग सांभाळायला एखादं हुशार मूल मागितलं, की मी वर्गातल्या सगळ्यात दांडगट पोराला पाठवायचे. हेडबाई म्हणायच्या, तुम्हाला मुलांची पारखच नाही. मी म्हणायचे, नसेल.

ती मुलगी दर वर्षी पास होत गेली.