चाकांचा एसी

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या झटक्यात केलेली नाही. जन्मालासुद्धा ते सुईणीनं सांगितलेल्या दिवसानंतर अठरा दिवसांनी आले म्हणे. "आत बसून बाहेरचं बरंवाईट बघत असणार," हे त्यावर माझ्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे आक्काचं मत. आणि त्यांच्याबरोबर एकतीस वर्षं संसार केल्यामुळे तिच्या मताला वजन आहे. तिला बघायला आले तेव्हा पोहे खाऊन "आठ दिवसांत कळवतो" म्हणून गेले. आठ दिवसांनी पुन्हा आले, पुन्हा पोहे खाल्ले, पुन्हा आठ दिवस मागितले. तिसऱ्या खेपेला आक्कानं आतूनच सांगितलं, "पोहे संपले म्हणावं." त्या दिवशी होकार आला.

दाजी रामनगरला राहतात. लाकडाच्या डेपोत ओंडक्यांची मापं घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले तरी सदऱ्याच्या खिशात टेप आणि ओंडक्यांवर आकडे घालायचा निळा खडू असतोच. त्यांच्या घराचं पुढचं दार दोन कवाडांचं आहे. डाव्या कवाडाच्या आतल्या अंगावर ते 'बरं' लिहितात आणि उजव्यावर 'वाईट'. घरात कुठलीही नवी वस्तू यायची तर आधी ती या दारावर खडूनं येते आणि महिनोन्‌महिने तिथंच राहते. येणाराजाणारा वाचतो, वाद घालतो, स्वतःच्या हातानं भरही टाकतो. कवळी बसवायची निघाली तेव्हा दाजींनी पाच महिने पेज पिऊन काढले. उजव्या कवाडावर 'शिंकताना पडेल', 'कुत्रं नेईल', 'चेहरा दुसऱ्याचा वाटेल' अशी रांग लागली होती. डावीकडे एकच शब्द होता : 'चकली'. शेवटी पोस्टमननं त्याखाली लिहिलं, 'मी दोन वर्षं वापरतोय, कुणाला कळलं नाही,' आणि तेव्हा कुठे दाजी दंतवैद्याकडे गेले.

हे सगळं मी बेळगावात चारचौघांत रंगवून सांगत आलो आहे आणि लोक पोट धरून हसत आले आहेत. एसीची गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. ती सांगायची तर आधी माझं सांगावं लागतं.

माझी आई दाजींकडे असते. वडील गेल्यावर गावच्या घरात ती एकटी होती, पडली, कंबर धरली, आणि "चार दिवस" म्हणून आक्कानं तिला रामनगरला नेलं. त्या चार दिवसांना आता तिसरं वर्ष लागलंय. मी तिचा एकुलता एक मुलगा. मी म्हणालो होतो, मुलीची परीक्षा झाली की नेतो. मग म्हणालो, घराला रंग दिला की. मग गणपती झाले की. कुठले गणपती, ते आईनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी आई जागच्या जागी बेशुद्ध पडली. डॉक्टरांनी सांगितलं, हिला उष्णता सोसणार नाही, पुढच्या उन्हाळ्यात जपा. दाजींनी हे वाक्य असं काही मनावर घेतलं की यंदा होळी व्हायच्या आधीच आईच्या खोलीत तापमापक टांगला गेला आणि मला फोन यायला लागले. रोज दुपारी एकला, मी कचेरीत डबा उघडला की फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पावणं, छत्तीस."

"बरं."

"बरं काय? काल पस्तीस व्हतं की. मामीनं दोन घास खाल्लं आन ताट सारलं. एसी घ्यायचा इचार हाय. भिंतीतला का चाकांचा? तुमचं मत काय?"

मामी म्हणजे माझी आई. चाकांचा म्हणजे ढकलत कुठंही नेता येणारा, मागून एक जाडजूड नळी निघते तो. माझं मत मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं : भिंतीतला घ्या. गार जास्त करतो, वीज कमी खातो, आवाज करत नाही. कुठलाही माणूस हेच सांगेल. बेळगावच्या दुकानदारानंही तेच सांगितलं. पण मत मिळालं म्हणून दाजींचं समाधान होतं असं नाही. त्यांना मत रोज ताजं लागतं.

उजवं कवाड भरत चाललं. चाकांच्या एसीची नळी खिडकीतून बाहेर काढावी लागते. खिडकीला गज, आणि एक गज काढला तर माकडं आत. पाण्याची बादली भरते, ती कोण ओतणार? पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की दोन दोन दिवस वीज नाही. आणि सगळ्यांत मोठं, घर कौलारू. केलेला गारवा कौलांच्या फटीतून थेट कावळ्यांना. डाव्या कवाडावर दाजी जिवाच्या करारानं काहीबाही शोधून लिहीत होते. 'आवाज मोठा आहे, पण मामीला ऐकू कमी येतं.' 'नळीच्या गरम वाऱ्यावर सांडगे वाळतील.' 'पावसाळ्यात चड्ड्या.' हे शेवटचं आक्कानं पुसलं, त्यांनी पुन्हा लिहिलं, तिनं पुन्हा पुसलं.

"आवो, समदं गाव सांगतंय भिंतीतला घ्या, तुमी चाकांचंच का धरून बसलाय?" आक्का मागून ओरडायची, ते मला फोनमध्ये ऐकू यायचं.

"तुला कळत न्हाई, तू गप," दाजी म्हणायचे आणि मला विचारायचे, "पावणं, तुमच्याकडं एसी न्हाई, न्हाईतर तुमालाच इचारलं असतं की ओ, कसं वाटतंय ते."

इथं मी भाजी गिळायचो. माझ्या झोपायच्या खोलीत दोन वर्षं भिंतीतला एसी आहे. आईला उकाडा होतो म्हणून रामनगरला वाळ्याचा पडदा पाठवला, त्याच महिन्यात बसवला. दाजी चेहरा दाखवून बोलायचा फोन करायचे तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जायचो. एकदा उठायला विसरलो, मग फोन असा धरला की नुसतं कपाळ दिसावं.

चैत्र सरत आला. फोनवर सदतीस झालं, अडतीस झालं. आई दुपारभर ओला पंचा छातीवर घेऊन पडून असते, जेवत नाही, असं दाजी सांगायचे आणि पुन्हा विचारायचे, "मग काय करायचं म्हणताय?" मी चिडायला लागलो. हा माणूस दार रंगवत बसणार आणि तिकडे आईचं काहीतरी होणार, ही धास्ती मला डबा खाऊ देईना. फोनवर एकदा ओरडलोसुद्धा, "दाजी, कुठलाही घ्या, पण घ्या एकदाचा!" इतक्या काळजीचा मुलगा उठून साठ किलोमीटर गेला का नाही, हे कुणी विचारलं असतं तर? विचारणारं कुणी नव्हतं. दाजी नुसतं म्हणाले, "तुमचंबी बराबर हाय."

एक दिवस फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी रात्री आक्काचा आला. आदल्या दुपारी आईनं आक्काला ओळखलं नाही, 'कुठल्या गावच्या तुमी?' म्हणून विचारलं. घटकाभरानं पाणी पाजून, अंग पुसून ठीक झालं. सकाळी दाजी पहिल्या बसनं बेळगावला गेले आणि संध्याकाळी टेम्पोत यंत्राशेजारी बसून परत आले. चाकांचाच. बेळगावात माझ्या कचेरीवरून गेले, पण आत आले नाहीत. मत घ्यायचं राहिलं म्हणून मला त्या दिवशी हायसं वाटलं.

रविवारी मी बघायला गेलो. दाजींनी खोलीला कौलांखालून ताडपत्री ताणून बांधली होती, निळी, भाताच्या गंजीवर घालतात ती. खिडकीला फळी, फळीत टेपनं मोजून पाडलेलं वाटोळं भोक, भोकातून नळी. आत लग्नाच्या मांडवासारखा निळा उजेड आणि मळणीच्या यंत्रासारखी घरघर. त्या घरघरीत आई मांडीवर घोंगडं घेऊन बसली होती आणि शेजारच्या तीन बायका तांदूळ निवडायला म्हणून येऊन गारव्यात पाय पसरून बसल्या होत्या. दाजी तापमापकाशी उभे. "सव्वीस," ते मला म्हणाले, जसं काही नात झाली.

मी आक्काला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, एवढं सगळं केलं, तर भिंतीतला का नाही घेतला?

आक्का भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "भिंतीतला बसवला तर म्हातारी काय समजंल? हितंच कायमचं रहायचं असं समजंल. तिला त्यांनी सांगितलंय, ह्याला चाकं हायत मामी, बाबू न्यायला आला की तुमच्यासंगं हे बी बेळगावला जायचं. खोकाबी माळ्यावर जपून ठेवलाय, थर्माकोलसकट." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दारावर लिवतील व्हय असलं?"

बाबू म्हणजे मी.

मी घराच्या मागच्या बाजूला गेलो. दाजी बादलीतलं पाणी अबोलीला घालत होते. खिडकीतून आलेल्या नळीचा गरम वारा आमच्या दोघांच्या पोटऱ्यांवर येत होता. मी म्हणालो, "दाजी, आमच्याकडं एसी आहे. दोन वर्षं झाली."

"हाय की," ते म्हणाले. "तुमच्या कपाळाच्या वर दिसतोय पांढरा."

"आणि आईला मी नेणार नाही." हे वाक्य मी त्याआधी स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो. "बायको घेऊन ये म्हणते. खोलीही आहे. मलाच नको आहे. तिला उठवायचं, धुवायचं, रात्रंदिवस तिचं विव्हळणं ऐकायचं, याची मला भीती वाटते. परीक्षा, रंग, गणपती, सगळं खोटं होतं."

दाजींचा हात सवयीनं खिशातल्या टेपकडे गेला, थोडी पट्टी बाहेर आली, परत आत गेली. आता हा माणूस दोन्ही बाजू मांडणार, मला दोन महिने विचारत राहणार, असं मला वाटलं. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "मामीला सांगू नका." आणि रिकामी बादली घेऊन आत गेले.

मीही मागून गेलो. आईच्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा बायका उठून गेल्या होत्या. घोंगडं नीट घडी करून उशाशी ठेवलेलं, शेजारी तिची कापडी पिशवी. आईनं मला जवळ बसवलं, माझा हात हातात घेतला. तिचा हात गार होता, कितीतरी दिवसांनी गार.

"बाबू," ती म्हणाली, "आजच निघायचं काय रे?"

मी तिच्या पिशवीकडे बघितलं. खाली वाकून यंत्राखाली बादली सरकवणारे दाजी तसेच, मान वर न करता, मोठ्यानं म्हणाले, "आज कुठलं मामी! लोंढ्याच्या फुडं समदा रस्ता उकरून ठेवलाय की. तुमची हाडं ऱ्हातील काय जाग्यावर? पाऊसपानी हून जाऊ दे, मग बघू."

त्यांनी कुणाला विचारलं नाही, क्षणभर थांबले नाहीत. आईनं मान हलवली, पण खात्री करून घ्यावी म्हणून माझ्याकडे बघितलं. त्याच रस्त्यानं मी तासाभरापूर्वी आलो होतो. अख्खा डांबरी, नवा, गाडीतलं पाणीसुद्धा हललं नव्हतं.

"व्हय गं आई," मी म्हणालो. "लई खराब हाय."